क्रीम, कुंकू, काजळ, काळी मेहंदी : सोलापुरात राहून तपासणी कशी करून घ्यावी

नुकतंच पार्लर टाकलेल्या, बचत गटातर्फे उटणं-कुंकू विकू पाहणाऱ्या, किंवा घरात कुणाचा तरी चेहरा एखाद्या क्रीमनं बिघडलाय म्हणून चौकशी करत फिरणाऱ्यांसाठी हे लिहिलंय. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. प्रयोगशाळा तुम्ही विचाराल तेवढंच सांगते. ‘यात काही वाईट आहे का बघा’ म्हणून डबी पाठवली, तर ते जड धातूंची नेहमीची चाचणी लावतील आणि पारा नाही, शिसं नाही असा रिपोर्ट देतील. त्याच क्रीममधलं स्टेरॉइड मात्र कुणालाच दिसणार नाही, कारण ते शोधायला कुणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून आधी संशय ठरवायचा, मग लॅब.

संशय कशाचा, हे आधी ठरवा

गोरेपणाचं क्रीम असेल तर पहिला संशय पाऱ्याचा. पारा त्वचेतलं मेलॅनिन बनण्याची क्रिया अडवतो, त्यामुळं चेहरा खरोखर उजळतो आणि म्हणूनच ही क्रीमं खपतात. पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि किडनीवर बसतो. अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघींना किडनीचा आजार झाला, त्यामागं ब्यूटिशियनकडून आणलेलं क्रीम होतं आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्यात पारा निघाला, ही बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही अशाच क्रीममुळं किडनी बिघडलेले रुग्ण सापडले. आपल्याकडच्या नियमानुसार सौंदर्यप्रसाधनात पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आलेला असला तरी तो १ पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत एका भागाच्या) वर चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांना परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) म्हणून ७० पीपीएमपर्यंत सूट आहे, तेवढीच.

पाऱ्याच्या काही खुणा डबीवरच असतात. मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी, मर्क्युरिक आयोडाइड ही सगळी त्याचीच नावं. ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम किंवा रबराला लागू देऊ नका’ अशी सूचना एखाद्या फेस क्रीमवर असेल, तर ते क्रीम तिथंच ठेवून द्या. पारा धातूला धरतो म्हणून ही सूचना छापतात. साध्या क्रीमला तिची गरजच नसते. डबी उघडी राहिल्यावर, उजेडात, क्रीम करडं किंवा काळपट पडत गेलं तरी संशय वाढवा.

दुसरा संशय स्टेरॉइडचा, आणि आपल्याकडं हा जास्त खरा ठरतो असं माझं मत आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशा तिहेरी मलमाची ट्यूब तर कित्येक घरांत फेस क्रीम म्हणूनच ओळखली जाते. ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. ओळखायची खूण सोपी: पहिल्या आठवड्यात चेहरा झकास, आणि लावायचं बंद केलं की लाली, आग, पुरळ, गालावर केस. परत लावलं की शांत. कुठलंही साधं क्रीम असं सवय लावत नाही.

काजळ, सुरमा आणि शेंदूर यांत शिसं शोधायचं. काही सुरमे गॅलेना नावाच्या दगडाचे असतात आणि गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइडच. शेंदुराचा भडक नारिंगी रंग पूर्वापार शिशाच्या ऑक्साइडचा, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. काजळ-सुरमा बाळाच्या डोळ्यांत घालतात, बाळ डोळे चोळून तीच बोटं तोंडात घालतं. लहान मुलांना शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच, म्हणून बाळाच्या बाबतीत तपासणीचीही वाट बघू नका. डोळ्यांत काही घालूच नका.

काळ्या मेहंदीचा संशय पीपीडीचा, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमाइनचा. खऱ्या मेहंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी, लालसर होतो. ती काळी होत नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी हातगाडीवरून घेतलेला कोन तासाभरात कुळकुळीत काळा रंग देत असेल तर त्यात केस काळे करायचा डाय आहे असंच धरा. पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. पुढं केसांना डाय लावताना, कधी कपड्यातल्या काही रंगांनी, कधी भूल द्यायच्या बेन्झोकेनसारख्या औषधानंही तीच ॲलर्जी उसळते. मुलीच्या हातावर हौसेनं काढलेली नक्षी वीस वर्षांनी डायच्या डब्याशी भांडते.

पार्लरवाल्यांनी ‘केराटिन’ आणि स्मूदनिंगच्या बाटल्यांकडं लक्ष द्यावं. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मालिन, मेथिलीन ग्लायकॉल ही एकाच गोष्टीची नावं. इस्त्रीनं केस तापवले की त्याचा वायू होतो आणि तो गिऱ्हाइकाच्या आधी तुमच्या नाकात जातो, कारण गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, तुम्ही रोज तिथं उभ्या असता. ‘फॉर्माल्डिहाइड-फ्री’ बाटलीत बऱ्याचदा ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं. त्यानंही किडनीला इजा झाल्याची प्रकरणं परदेशात नोंदली गेली आहेत.

आणि पॅराबेन, म्हणजे क्रीम टिकावं म्हणून घालतात ती रसायनं? मी त्यामागं पैसे घालवणार नाही. पाणी असलेल्या क्रीमला परिरक्षक लागतोच. सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेल्या, ‘केमिकल-फ्री’ म्हणवणाऱ्या कोरफडीच्या जेलमध्ये काय काय वाढत असेल याची मला जास्त काळजी वाटते. तिथं जंतूंची चाचणी मागा: एकूण जिवाणू, बुरशी, आणि वेगळे म्हणून स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस.

डबी वाचायला शिका

लॅबचा खर्च करण्याआधी हे फुकटचं काम करा. भारतात बनलेल्या मालावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि वापराची शेवटची तारीख पाहिजेच. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक पाहिजे. गड्डा यात्रेत मिळणाऱ्या, उर्दू, थाई नाहीतर चिनी अक्षरांच्या डब्यांवर आयातदाराचं नाव दिसतं का बघा. नसेल तर तो माल कायदेशीर वाटेनं आलेला नाही, मग आत काहीही असो.

घटकांच्या यादीत एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहितात, बाकीचे कसेही. पण ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमला आणि ६० मिलीपेक्षा लहान द्रवाला ही यादी छापण्याची सक्ती नाही. काजळ, लिपस्टिक, छोटी फेस क्रीमं नेमकी याच मापाची. म्हणून यादी नाही एवढ्यावरून ती वस्तू खोटी ठरत नाही. पण यादी छोट्या डबीवरही स्वतःहून देणारा उत्पादक मला बरा वाटतो.

घरगुती परीक्षा : कुठल्या चालतात

लिपस्टिकवर सोन्याची अंगठी घासायची, काळी रेघ उमटली की शिसं आहे, हे फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. खोटं आहे. मऊ मेणावर धातू घासला की काळं होऊ शकतं, त्याचा शिशाशी संबंध नाही. बारकोड स्कॅन करून गुण देणारी ॲप फक्त छापलेली यादी वाचतात. न छापलेला पारा त्यांना दिसणार कसा? नवा टॉवेल पाण्यात पिळला की कच्चा रंग उतरतो आणि लबाडी कळते. पारा आणि शिसं तसे उतरून दाखवत नाहीत.

सराफाकडं कॅरेट बघायचं मशीन असतं, त्यावर कुंकू ठेवून बघू, ही शक्कल काही जण लढवतात. तंत्र एक्स-रेचंच आहे, पण ते यंत्र सोन्याच्या मिश्रधातूसाठी लावलेलं असतं. कुंकवातल्या पाच-पंचवीस पीपीएम शिशाबद्दल ते भरवशाचं काही सांगू शकत नाही.

एक परीक्षा मात्र खरी आहे आणि पंढरपूरहून कुंकू आणणाऱ्या प्रत्येक घराला माहीत असावी. पारंपरिक कुंकू हळदीचं. हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की ती लाल होते. अशा कुंकवावर लिंबाचा रस टाकला की ते परत पिवळ्याकडं झुकतं. रस टाकूनही भडक लालच राहिलं, तर तो कृत्रिम रंग. यानं फक्त हळद की रंग एवढंच कळतं. हळदीच्या कुंकवातही शिसं असू शकतं आणि कृत्रिम रंगाचं कुंकू परवानगी असलेल्या रंगाचंही असू शकतं. कपाळावर खाज, काळा डाग पडत असेल तर ही परीक्षा करा, पुढचं लॅबवर सोडा.

केसांच्या डायसाठी पॅच टेस्ट कायद्यानंच सांगितलीय. पीपीडी असलेल्या डायवर आधी चाचणी करण्याची आणि पापण्या-भुवयांना न लावण्याची सूचना छापावी लागते, कारण त्यानं दृष्टी जाऊ शकते. कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावा, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणं, आणि ४८ तास थांबा. पार्लरमध्ये गिऱ्हाईक घाईत असतं हे खरं. तरी नवीन गिऱ्हाइकाला दोन दिवस आधी बोलवायची पद्धत पहिल्या महिन्यापासूनच पाडा. नंतर पडत नाही.

नमुना कसा घ्यायचा

सगळ्यात जास्त रिपोर्ट इथं वाया जातात. एकाच बॅचच्या तीन सीलबंद डब्या घ्या: एक लॅबला, एक स्वतःजवळ, एक पुढं वाद झाला तर. बिल मागा. नवी पेठेतला दुकानदार ‘ताई, एवढ्याशा क्रीमचं काय बिल’ म्हणेल. तरी घ्या, निदान कच्च्या चिठ्ठीवर नाव, तारीख आणि शिक्का घ्या, नाहीतर यूपीआयनं पैसे द्या म्हणजे नोंद राहील. डबीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, बॅच नंबर वाचता येईल असे. दुसऱ्या बाटलीत ओतून, स्टीलच्या डब्यात भरून, प्लास्टिकच्या पुडीत बांधून काही पाठवू नका.

उघडलेलीच डबी असेल, म्हणजे जिनं त्रास झाला तीच, तर तीही पाठवता येते. फक्त बोट घालू नका, झाकण घट्ट लावा आणि वापरलेली आहे हे फॉर्मवर लिहा. जंतूंच्या चाचणीसाठी उघडलेला नमुना निरुपयोगी. उन्हाळ्यात कुरिअरची गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, म्हणून क्रीम आणि जेल सोमवारी पाठवा. शनिवारी पाठवलेलं रविवारभर गोदामात तापतं.

कुठं पाठवायचं

वाटा दोन आहेत आणि त्यांचे उपयोग वेगळे.

पहिली सरकारी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधलं कलम २६ फारसं कुणाला ठाऊक नसतं. विकत घेतलेलं सौंदर्यप्रसाधन कुणाही व्यक्तीला, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेला, ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडं तपासायला देता येतं आणि सही केलेला अहवाल मिळतो. अर्ज कुठं आणि कसा करायचा याची चौकशी सोलापूरच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात, औषध विभागाकडं करा. ‘कलम २६ खाली नमुना द्यायचा आहे’ असं स्पष्ट बोला, नाहीतर तुम्हाला तक्रार अर्ज दिला जाईल आणि ती वेगळी गोष्ट आहे.

तक्रारीचाही उपयोग आहे. दुकानातून अजून तोच माल विकला जात असेल तर तुमच्या खासगी रिपोर्टवर खटला उभा राहत नाही. औषध निरीक्षकानं स्वतः जाऊन, पैसे देऊन, नमुन्याचे भाग करून सील केले तरच ते कोर्टात टिकतं. म्हणून त्रास झालेल्या व्यक्तीचे कागद, बिल, डबीचे फोटो जोडून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एफडीएचा, म्हणजे याच अन्न व औषध प्रशासनाचा, टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. पैसे परत मागायचे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दुसरी वाट खासगी लॅबची. ती लवकर उत्तर देते, खर्च तुमचा. लॅब एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी, पण एवढं पुरेसं नाही. एनएबीएल मान्यता चाचणीनिहाय असते. पाणी तपासायची मान्यता असलेली लॅब कॉस्मेटिकमधल्या पाऱ्यासाठी मान्य असेलच असं नाही. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबचा स्कोप, म्हणजे मान्य चाचण्यांची यादी, उघडा आणि त्यात सौंदर्यप्रसाधन हा पदार्थ आणि तुम्हाला हवा तो घटक दोन्ही दिसतात का बघा. अशा लॅब शोधायला बहुतेकांना पुण्याकडंच बघावं लागतं, पण स्वतः जायची गरज नसते, कुरिअर चालतो. आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातल्या किंवा फार्मसी कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडून तपासून घेणं स्वस्त पडेल आणि शिकायलाही मिळेल. फक्त तो रिपोर्ट कुठं दाखवायच्या कामाचा नाही.

फोनवर लॅबशी असं बोला: ‘फेस क्रीम आहे. पारा आयसीपी-एमएसनं हवाय. मोजण्याची किमान मर्यादा किती? बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन आणि हायड्रोक्विनोन एचपीएलसी किंवा एलसी-एमएसनं बघता का? किती ग्रॅम पाठवू? दर घटकामागं किती?’ आयसीपी-एमएस, एचपीएलसी, एलसी-एमएस ही तपासणीच्या पद्धतींची नावं. एवढं विचारलंत की पलीकडचा माणूस मार्केटिंगवाल्याकडून फोन काढून केमिस्टकडं देतो. पैसे मोजके असतील तर गोरेपणाच्या क्रीमला पारा आणि स्टेरॉइड, काजळ-कुंकवाला शिसं, मेहंदीला पीपीडी, एवढंच करा. पन्नास घटकांचं पॅकेज घेऊ नका.

रिपोर्ट हातात आल्यावर

एककाकडं आधी बघा. मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजेच पीपीएम. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम; त्यामुळं ‘०.५ टक्के पारा’ हा आकडा वाचायला किरकोळ वाटतो, पण तो मर्यादेच्या पाच हजार पट असतो.

मग ‘एनडी’ किंवा ‘बीएलक्यू’ लिहिलंय का बघा. याचा अर्थ ‘शून्य’ नाही, ‘आमच्या मोजण्याच्या मर्यादेखाली’ एवढाच. पाऱ्याची कायदेशीर मर्यादा १ पीपीएम असताना लॅबची मोजण्याची मर्यादा ५ पीपीएम असेल, तर त्या ‘एनडी’ला काही अर्थ नाही. पैसे देण्याआधी हा प्रश्न विचारायचा तो यासाठीच.

शिशाच्या बाबतीत २० पीपीएम हा आकडा ऐकायला मिळेल. नियमात तो प्रसाधनात वापरलेल्या सेंद्रिय रंगांसाठी आहे. सोबत आर्सेनिक २ पीपीएम आणि इतर जड धातू १०० पीपीएम. काही चाचण्यांपुढं तारा काढून खाली ‘एनएबीएल स्कोपबाहेर’ लिहिलेलं असतं, तेही वाचा. आणि ‘नमुना ग्राहकानं दिला, निकाल फक्त या नमुन्यापुरता’ हे वाक्य जवळपास प्रत्येक रिपोर्टवर असतं. तुमच्या डबीत पारा नाही याचा अर्थ पुढच्या बॅचमध्ये नसेल असा होत नाही.

रिपोर्ट यायच्या आत

संशयाचं क्रीम वापरायचं थांबवा, पण स्टेरॉइडचा संशय असेल तर आपल्या मनानं दुसरं काही लावू नका. छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयाच्या, म्हणजे सिव्हिलच्या, त्वचारोग विभागात डबी घेऊनच जा. लघवीला फेस येत असेल, पाय-चेहरा सुजत असेल तर त्याच दिवशी लघवीतलं प्रथिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना क्रीम दाखवा; बऱ्याच बायका किडनीच्या डॉक्टरला क्रीमचं सांगतच नाहीत, कारण त्यांना संबंध असेल असं वाटत नाही. पाऱ्यासाठी लघवीची वेगळी चाचणी असते, ती डॉक्टर लिहून देतील. घरातल्या लहान मुलांचंही सांगा, कारण पारा टॉवेल, उशी आणि हातांवरून पसरतो. डबी कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका. दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पुरावा म्हणूनही तीच लागणार आहे.

बचत गटांसाठी

घरी बनवलेलं उटणं, साबण, कुंकू, लिप बाम विकायचं असेल तर ‘घरगुती’ म्हणून सूट नाही. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार विक्रीसाठी उत्पादनाला परवाना लागतो, तो एफडीएकडून फॉर्म कॉस-८ मध्ये मिळतो. लहान गटाला परवानाधारक कारखान्यात आपल्या नावानं माल बनवून घ्यायची, म्हणजे लोन लायसन्सची, वाट सोपी पडते. कच्चा माल घेताना रंग आणि सुगंधाच्या प्रत्येक खेपेचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. मंगळवार पेठेतून किलोवर सुटा रंग आणून कुंकवात मिसळला, तर तो कापडाचा की प्रसाधनाचा हे तुम्हाला कुणीच सांगू शकणार नाही. आणि शासकीय विश्लेषकाचा चांगला अहवाल आला म्हणून तो पाकिटावर किंवा व्हॉट्सॲप स्टेटसला जाहिरात म्हणून लावू नका. १९४० च्या त्याच कायद्यातल्या कलम २९ खाली त्याला दंड आहे.